कथाप्रधान मोबाइल गेम तयार करताना : माझा अनुभव

मोबाइलसाठी कथाप्रधान रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन खेळतो असा गेम, करायचा असे आम्ही तिघांनी ठरवले, तेव्हा कामाची वाटणी सरळ होती : एकाकडे प्रोग्रॅमिंग, एकाकडे चित्रे आणि माझ्याकडे कथा व संवाद. कन्सोलसमोर बसणारा खेळाडू वेळ काढून बसतो, फोनवरचा खेळाडू मात्र दोन कामांच्या मधल्या फटीत खेळतो आणि फोन वाजला की निघून जातो. आमचे बहुतेक निर्णय या एका गोष्टीवरून ठरत गेले. गेम प्रसिद्ध झाल्यावर त्यावर जी सर्वांत मोठी टीका झाली, तिचे मूळही मला तिथेच सापडले.

संवादांसाठी आम्ही इंक ही स्क्रिप्टची भाषा निवडली. इंकल या स्टुडिओने ती आपल्या गेमसाठी घडवली आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये संवाद लिहीत जायचे आणि पर्यायाच्या आधी एक चिन्ह द्यायचे : तारांकन दिले तर तो पर्याय एकदाच वापरता येतो, अधिकचे चिन्ह दिले तर तो पुन्हा पुन्हा समोर येतो. लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागत नाही, हा याचा मोठा लाभ. मात्र प्रत्येक वेळी दोन पर्याय आणि प्रत्येकाची वेगळी वाट असे धरले, तर केवळ दहा निवडींनंतर १०२४ वाटा तयार होतात आणि त्या लिहिणे कोणालाच शक्य नसते. म्हणून वाटा फुटतात, काही अंतर चालतात आणि एका ठरलेल्या प्रसंगात पुन्हा एकत्र येतात. खेळाडूने काय निवडले याची नोंद तेवढी मागे राहते आणि पुढचे संवाद त्या नोंदी पाहून बदलतात. या प्रकारच्या गेमचे खरे लेखन वाटांपेक्षा या नोंदींमध्ये असते, असे माझे मत आहे.

अनपेक्षितपणे बराच काळ खाल्ला तो देवनागरीने. आरंभी आम्ही युनिटी हे इंजिन, म्हणजे गेम बांधण्याचे सॉफ्टवेअर, घेतले होते. त्यातील टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या घटकात पहिलाच संवाद टाकला, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली आणि जोडाक्षरे पाय मोडलेल्या सुट्या अक्षरांमध्ये विखुरली. काही उपाय उपलब्ध होते, पण प्रत्येक वाक्य आधी प्रक्रिया करून घ्यावे लागणार होते आणि संवादांची संख्या पाहता ते मला मान्य नव्हते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ या इंजिनमध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी, म्हणजे आयता वापरता येणारा कोड, आहे. तिच्यामुळे देवनागरी नीट उमटते, म्हणून आम्ही इंजिनच बदलले. तरीही संवाद एकेक अक्षराने उमटत जाण्याचा जो परिणाम अशा गेममध्ये असतो, त्यात ‘क्षमा’ लिहिताना आधी क दिसे, मग पाय मोडलेला क् आणि मग अचानक क्ष. अक्षरे अशी उड्या मारत असताना कोणी गंभीर प्रसंग वाचू शकत नाही. मजकूर आधी कापून मग जुळवायचा की आधी जुळवून मग उघड करायचा, याची निवड गोडोमध्ये करता येते. दुसरी निवड केल्यावर अक्षरे जागच्या जागी स्थिर उमटू लागली.

अँड्रॉइडवर पार्श्वभूमीत गेलेले ॲप यंत्रणा केव्हाही बंद करू शकते. त्यामुळे सेव्ह करण्यासाठी वेगळे बटण न ठेवता प्रत्येक निवडीनंतर आणि गेम पार्श्वभूमीत जाताच नोंद होईल अशी व्यवस्था केली. नवी आवृत्ती दिल्यावर जुन्या खेळाडूची सेव्ह फाइल ज्या प्रसंगाकडे बोट दाखवते, तो नव्या कथेत सापडलाच पाहिजे. म्हणून प्रसंगाला एकदा दिलेले नाव कधीही बदलायचे नाही, हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. लढाया छोट्या आणि आळीपाळीच्या ठेवल्या, जेणेकरून मध्येच उठलेल्या खेळाडूचे काही बिघडू नये.

तरी कथा विसरली जाण्याचा प्रश्न उरतोच. काही दिवसांनी परतणाऱ्यासाठी मागील घटनांचा सारांश हवा होता, परंतु कोरडा सारांश कोणी वाचत नाही. म्हणून तो नायिकेचा सोबती असलेल्या भिवा नावाच्या नावाड्याच्या तोंडी घातला. खेळाडूच्या प्रत्येक महत्त्वाच्या निवडीसाठी भिवाचे एक वाक्य लिहिले, उदाहरणार्थ, “तू कुंभाराच्या पोराला पळून जाऊ दिलंस, हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही.” गेम उघडताच अशी दोन-तीन वाक्ये येतात आणि मग कथा पुढे सरकते. संपूर्ण गेममधले माझे सर्वांत आवडते लेखन हेच आहे.

प्रकाशनाच्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, मात्र त्यासाठी वेळ राखून ठेवावा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगल प्लेवर प्रसिद्ध होण्यापूर्वी बंदिस्त चाचणी करावी लागते. आरंभी त्यासाठी सलग १४ दिवस २० परीक्षक लागत, पुढे ती संख्या १२ करण्यात आली. विनामूल्य दिलेले ॲप नंतर सशुल्क करता येत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे लागते. आम्ही पहिला भाग विनामूल्य ठेवून उर्वरित कथा एकदाच खरेदी करण्याची सोय दिली. पैसे भरून नशिबावर पात्रे मिळण्याचा प्रकार आम्हाला नको होता.

गेम बाहेर आल्यावर चित्रांचे आणि संवादांचे कौतुक झाले. कथेसाठी आलेल्यांना लढाया जड वाटल्या आणि लढायांसाठी आलेल्यांना संवाद. या वादावर आम्ही लढाई सौम्य करणारा पर्याय देऊन पडदा टाकला. खरा रोष होता तो भिवाच्या मृत्यूवर. तो ज्या प्रसंगात मरतो, तिथे सगळ्या वाटा एकत्र येतात, त्यामुळे काहीही निवडले तरी तो वाचत नाही. ‘मग आम्हाला विचारले तरी कशाला?’ असा एक तारा देणाऱ्यांचा प्रश्न होता. प्रतिक्रियेला उत्तर देण्यासाठी गूगल प्लेवर ३५० कॅरेक्टरांची, म्हणजे टंकलेल्या चिन्हांची, मर्यादा आहे आणि देवनागरीत प्रत्येक काना-मात्रा वेगळा मोजला जातो, हे मला तेव्हा चांगलेच जाणवले.

भिवाला वाचवण्याची वाट घालावी, असे माझ्या सहकाऱ्यांना वाटत होते. मी विरोध केला, कारण उत्तरार्धातील सगळी कथा त्याच्या नसण्यावर उभी आहे. परंतु प्रतिक्रिया पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली : हा प्रसंग भिवा मरतो म्हणून जितका खुपत होता, त्याहून अधिक तो सर्वांसाठी जवळजवळ सारखाच घडतो म्हणून खुपत होता. निवडींचे पडसाद होते, पण ते फार पुढे, आणि तुकड्यातुकड्यांनी खेळणारा माणूस तिथे पोहोचेपर्यंत आपण काय निवडले तेच विसरलेला असे. म्हणून पुढील आवृत्तीत मृत्यू तसाच ठेवून निरोपाचे संवाद नव्याने लिहिले. खेळाडूने भिवाशी खोटे बोलले असेल तर तो ते बोलून दाखवतो, कुंभाराच्या मुलाला सोडले असेल तर तोच मुलगा होडी घेऊन येतो आणि एका वाटेवर भिवा एक शब्दही बोलत नाही. त्यानंतर आलेल्या प्रतिक्रियांमध्ये लोक एकमेकांना विचारू लागले की तुमचा भिवा शेवटी काय म्हणाला. काहींनी आपले तारे वाढवले. तो वाचलाच पाहिजे, असे म्हणणारे आजही आहेत आणि त्यांना मी त्याच ३५० कॅरेक्टरांत उत्तर देतो.