आधी पडतं, मग ऐकू येतं : अलास्काच्या बोटीवरची रोजनिशी

२१ मे, व्हँकुव्हर

जळगाव सोडलं तेव्हा पारा ४४ वर होता, दुपारी ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, आणि आज संध्याकाळी बोटीच्या डेकवर ह्यांनी माकडटोपी, मफलर, जावयाचं जॅकेट सगळं चढवलं तरी हात बगलेतच. लेक इथे व्हँकुव्हरजवळ सरेला राहते, तिनेच हे सगळं बुक केलं. म्हणाली आई, तुम्ही दोघं दोघंच असे कधी कुठे गेलाच नाहीत. खरंय. लग्नाला ३६ वर्षं झाली, तिरुपती झालं, पुरी झाली, हरिद्वार झालं, पण प्रत्येक वेळी रेल्वेचा पास, बरोबर सासूबाई, पोरं, नणंदेची पोरं, आणि दशम्या-चटणीचं गाठोडं. दोघंच असे पहिल्यांदाच.

दोघंच म्हटल्यावर एक गोष्ट लिहायला पाहिजे. ह्यांची ३३ वर्षं भुसावळच्या लोको शेडमध्ये गेली आणि कान तिथेच गेले. डावा जवळजवळ बंद, उजवा अर्धा. मशीन घेतलंय तीन वर्षांपूर्वी पण ते शिट्टी मारतं म्हणून घालत नाहीत, आणि निघायच्या गडबडीत मी पण विसरले, ते जळगावलाच कपाटात राहिलं. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, फोनवर, सगळीकडे ह्यांचे कान म्हणजे मी. विमानात एअर होस्टेसचं पण मीच ऐकून सांगितलं.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना सेफ्टी ड्रिल करावं लागतं. तेव्हा भोंगा वाजला, सात छोटे आणि एक लांब, आणि हे लगेच म्हणाले सात आन एक. मोठा आवाज छातीत ऐकू येतो म्हणतात. रेल्वेच्या माणसाला शिट्ट्या मोजायची सवय, ती काही जात नाही. मग बोट लायन्स गेट पुलाखालून निघाली, चिमणी पुलाला लागते की काय असं वाटलं, नाही लागली.

२२ मे, समुद्रात

दिवसभर काही नाही. पाणी, डोंगर, झाडं, परत पाणी. दुपारी एका ठिकाणी बेटांचा आडोसा संपतो आणि मोकळा समुद्र लागतो तिथे बोट हलायला लागली, मला मळमळ, मी आडवीच झाले. ह्यांनी डब्यातलं आवळ्याचं सुपारीसारखं तुकडं दिलं आणि पायाशी बसून राहिले. जेवायला वर चाळीस पदार्थ मांडलेले, पण आमचं जेवण म्हणजे भात, डाळ, आणि पिशवीतली शेंगदाण्याची चटणी. वाढणाऱ्या पोराला सांगितल्यावर त्याने रात्रीपासून आमच्या टेबलावर हिरव्या मिरच्या आठवणीने ठेवल्या. कुठलं कोण पोरगं, फार बरं वाटलं.

२३ मे, जुनो

जुनो ही अलास्काची राजधानी, आणि तिथे बाहेरून एकही रस्ता येत नाही. बोटीने या नाहीतर विमानाने या. गाडीरस्ता नसलेली राजधानी हे ऐकून ह्यांना फार नवल वाटलं, दोनदा विचारलं मला, नीट ऐकलं ना तू?

बसने मेंडेनहॉल हिमनदी पाहायला गेलो. मी यावल तालुक्यात हायस्कूलला २८ वर्षं भूगोल शिकवला. हिमनदीचे कार्य हा धडा किती वेळा शिकवला असेल. फळ्यावर इंग्रजी यू च्या आकाराची दरी काढायची, तिच्या कडेला ठिपके ठिपके काढून हिमोढ, म्हणजे बर्फाने वाहून आणलेले दगड-माती, असं लिहायचं, मग लोंबती दरी, हिमगव्हर. मुलं उन्हाने लाल झालेली, वर पत्रे तापलेले, आणि बाई सांगतायत बर्फ डोंगर कोरतो. मी स्वतः फ्रीजमधला सोडून बर्फ बघितला नव्हता. आज बसमधून उतरले आणि समोर तीच दरी, तशीच, कडा सरळ आणि तळ सपाट. मी ह्यांचा हात धरून म्हटलं हे बघा, हे मी फळ्यावर काढायची. गळा भरून आला माझा. पुस्तकात खरं होतं सगळं, मुलांना मी खोटं काही सांगितलं नव्हतं.

पायवाटेने धबधब्यापर्यंत गेलो, नगेट फॉल्स म्हणतात त्याला, तिथे तळ्यात हात घातला. पाणी गढूळ, राखाडी, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखं, आणि बोटं वर काढली तर बोटांच्या रेघांत अगदी बारीक पीठ बसलेलं. वस्त्रगाळ. अंगठ्याने चोळलं तर कणसुद्धा लागेना. बर्फाने दगड दळून केलेलं पीठ आहे ते. आपल्याकडे कळण्याचं पीठ जाडंभरडं दळून आणतो, हिमनदीचं जातं त्याहून किती बारीक.

गाइडने सांगितलं की हे तळंच नवीन आहे, शंभर वर्षांपूर्वी इथे तळं नव्हतं, बर्फच होता. आणि तिथलं व्हिजिटर सेंटर १९६२ साली बांधलं तेव्हा हिमनदी पार जवळ होती, आता खिडकीतून ती लांब तळ्यापलीकडे दिसते. अजून एक सांगितलं ते ऐकून काळजात धस्स झालं. वर डोंगरात बाजूच्या एका खोलगट जागेत वितळलेलं पाणी साठतं, बर्फाचाच बांध असतो त्याला, आणि एखाद्या दिवशी ते पाणी बर्फाखालून वाट काढून एकदम सुटतं. २०२३ च्या आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये असंच पाणी सुटून गावातली घरं पाण्यात गेली. आम्ही तापीकाठची माणसं, हतनूरचे दरवाजे उघडले की सायरन, पोलीस, सगळं माहितीये. पण धरणाला दरवाजे असतात, कोणीतरी ठरवून उघडतं. इथे बांध म्हणजेच बर्फ.

२४ मे, स्कॅगवे

आजचा दिवस ह्यांचा. स्कॅगवे एवढंसं गाव, हजार-बाराशे माणसं, आणि तिथून व्हाइट पास नावाच्या घाटात छोटी रेल्वे जाते. १८९६ ला वर कॅनडात क्लोंडाइकला सोनं सापडलं, मग हजारो माणसं इथून डोंगर चढून गेली. कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान असल्याशिवाय आत सोडत नव्हते, माणशी जवळजवळ एक टन! ते ओझं घोड्यांवर लादलं, आणि त्या वाटेत तीन हजारच्या वर जनावरं मेली, त्या घळीचं नावच मेलेल्या घोड्यांची घळ. आम्ही जळगावचे, सोन्याच्या गावचे, सराफ बाजारातनं रोज जाणं-येणं, पण ती घळ खिडकीतून खाली बघितली तेव्हा मला हातातल्या पाटल्या जड वाटल्या.

रेल्वेचं काम १८९८ ला सुरू झालं आणि १९०० ला संपलं. दोन वर्षांत एवढा घाट! ह्यांचं डोकं सगळं त्यातच. रुळाची रुंदी तीन फूट. म्हणाले आपली पाचोरा-जामनेर अडीच फुटाची होती, ही तिची मोठी बहीण. पीजेचा विषय निघाला की ह्यांचा चेहराच बदलतो, लहानपणी मामाच्या गावाला त्याच गाडीने जायचे, उतरून चालत्या गाडीबरोबर पळायचे. मग गार्डला विचारायला लावलं मला, चढ किती आहे. तो म्हणाला ३.९ टक्के. हे बोटांवर हिशोब करून म्हणाले म्हणजे २६ ला १, आपल्या कसाऱ्याच्या घाटात ३७ ला १ आहे तर मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. गार्डला मी ते सांगितलं तर त्याने ह्यांच्याशी हात मिळवला. पूर्ण वेळ हे डब्याबाहेरच्या लोखंडी ओट्यावर उभे, थंडीत डोळ्यातून पाणी येतंय पण आत यायला तयार नाहीत, एक हात दांड्यावर. इंजिन कुठे ताकद लावतंय ते हाताला कळतं म्हणाले.

२५ मे, ग्लेशियर बे

आजचं नीट लिहायचंय, झोप आली तरी.

इथे बोट कुठे लागत नाही, कोणी उतरत नाही. हे नॅशनल पार्क आहे, दिवसाला दोनच मोठ्या बोटी आत सोडतात. सकाळी छोट्या बोटीतून पार्कच्या रेंजर बाई शिडीने वर आल्या आणि दिवसभर माइकवर सांगत होत्या. मी ऐकायचं आणि ह्यांच्या उजव्या कानात सांगायचं. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ ला जॉन म्यूर नावाचे निसर्ग-अभ्यासक आले तोवर बर्फ चाळीसएक मैल मागे गेलेला. आता ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर. ह्यांनी लगेच सांगितलं, भुसावळहून निघालं तर चाळीसगावच्या जरा अलीकडे. मग ते मला डोळ्यापुढे दिसलं. भादली, जळगाव, म्हसावद, पाचोरा, कजगाव, एवढ्या सगळ्या वाटेवर शेकडो मजली बर्फ होता कुठे कुठे आणि तो गेला आणि तिथे समुद्र आला, त्यावरून आम्ही बोटीने चाललोय.

आणि त्याच्याही आधी इथे माणसं राहत होती, हूना ट्लिंगिट लोकं. तेव्हा बर्फ मागे जात नव्हता, पुढे येत होता, त्यांची गावं बर्फाने घेतली आणि त्यांना निघावं लागलं. आता २०१६ मध्ये खाडीच्या तोंडाशी त्यांचं एक घर परत बांधलंय, समारंभाला येतात. मला नंदुरबारकडची अक्राणी-अक्कलकुव्याची गावं आठवली, सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेली. गाव गेलं तरी गावाचं नाव माणसं सोडत नाहीत.

दुपारी मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, आणि निळी. निळी म्हणजे आभाळासारखी नाही, नीळ घातलेल्या धोतरासारखी, भेगांमध्ये तर गडद. बर्फ इतका दाबला गेलेला असतो की त्यातली बरीचशी हवा निघून जाते, लाल उजेड तो शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. शेजारी दुसरी एक आहे, ग्रँड पॅसिफिक, ती काळी, माती-दगडांनी झाकलेली, लोकं तिच्याकडे बघतच नव्हते. मी बघितलं. तो सगळा हिमोढ आहे, माझ्या फळ्यावरचे ठिपके.

इंजिन बंद केल्यासारखं झालं आणि सगळे गप्प. तेव्हा मला खालून आवाज यायला लागला, पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या तुकड्यांतून, तडतड तडतड, मोहरी फुटते तशी. रेंजर बाई म्हणाल्या बर्फात अडकलेली जुनी हवा आहे ती, वितळताना फुटते. मी ह्यांना सांगितलं. हे कठड्यावर वाकले, कान खाली केला, थोडा वेळ थांबले आणि मान हलवली. नाही. परत वाकले. नाही. मला फार वाईट वाटलं, इतक्या लांब येऊन ह्यांना अर्धंच मिळणार असं वाटलं. मी गप्प बसले.

मग ह्यांनी एकदम माझ्या दंडाला धरलं, जोरात, आणि ओरडले, देख वं, पडनं!

मी बघितलं तर समोर भिंतीचा एक खांबासारखा तुकडा निघून खाली चाललेला, आणि आवाज काहीच नाही. काहीच. मुक्यासारखा पडत होता तो, पाणी वर उडालं, आणि मग आवाज आला. तोफेसारखा आणि त्यामागून घरंगळत जाणारा, डोंगरात फिरत राहिला. ट्लिंगिट लोकं त्याला पांढरी गडगड म्हणतात असं रेंजर बाईंनी सांगितलं. ह्यांनी छातीवर हात ठेवला होता, म्हणाले आला, इथे आला.

अंतरामुळे होतं ते, उजेड आधी पोचतो आणि आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरसुद्धा जात नाही, आम्ही लांब उभे. बोटीवरची बाकीची माणसं सगळी आवाजावर वळत होती, म्हणजे वळेपर्यंत पडून झालेलं असायचं आणि नुसतं पाणी दिसायचं. हे आवाजाची वाटच बघत नव्हते. शेडमध्ये इतकी वर्षं डोळ्यांनीच काम केलं, कुठला नट हलतोय, कुठे धूर वेगळा येतोय. तासाभरात पाच वेळा पडलं, पाचही वेळा ह्यांनी आधी सांगितलं, आणि तिसऱ्या वेळेपासून आमच्या आजूबाजूचे म्हातारे-म्हाताऱ्या समोर न बघता ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांचा हात वर गेला की सगळ्यांचे कॅमेरे वर. एका बाईने थँक्यू म्हटलं ते ह्यांना ऐकू गेलं नाही, मी सांगितलं.

३६ वर्षं मीच ऐकून ह्यांना सांगत आले. आज हे मला सांगत होते, आवाज यायच्या आत.

२६ मे, केचिकन

पाऊस. इथे वर्षाला साधारण ३८०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडे जळगावला सातशेच्या आसपास पडला तरी पेढे वाटावेत. कोरलेले उंच लाकडी खांब बघितले, गरुड, कावळा, अस्वल, एकेका घराण्याची कूळकथा असते त्यात. एका म्हाताऱ्या माणसाला खांबाला रंग देताना बघितलं. छत्री एकच होती, ह्यांनी माझ्यावर धरली आणि स्वतःची माकडटोपी भिजवली.

२७ मे, परतीच्या वाटेवर

आज दिवसभर ह्यांनी मला चार वेळा विचारलं, ती तडतड नक्की कशी होती. मी मोहरी म्हटलं, मग म्हणाले मोहरी का जिरं. मी म्हटलं मोहरी, पण तेल कमी तापलेलं असताना, एक फुटते, मग थांबते, मग दोन फुटतात. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, माझं मशीन कुठे ठेवलंयस? म्हटलं जळगावला, कपाटात, वरच्या खणात. म्हणाले गेल्यावर सेल नवीन आणू.

बॅगा रात्री दाराबाहेर काढून ठेवायच्यात. रेंजर बाईंनी दिलेला ग्लेशियर बेचा नकाशा ह्यांनी घडी न घालता गुंडाळी करून माझ्या साडीत ठेवलाय, वर पेन्सिलीने स्टेशनं लिहिलीयेत, भुसावळपासून.