धुरात वाळवलेले आलुबुखार आणि तीन लिटर पाणी

काल रात्री तीन लिटर पाण्यात सुकी फळं भिजत घातली आणि मगच झोपले. उद्या २४ डिसेंबर. पोलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला विगिल्या म्हणतात. गेली सहा वर्षं त्या जेवणातलं कोम्पोत मी करते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्यांदा ते काम माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी जिना चढता चढताच आईला कोल्हापूरला फोन लावला होता. दिवाळीत सासूबाईंनी आपणहून सोऱ्या हातात द्यावा, तसं वाटलं होतं मला.

कोम्पोत म्हणजे फळं पाण्यात मंद आचेवर शिजवायची आणि ते पाणी गार करून प्यायचं. पोलंड, युक्रेन, रशिया, कुठेही जा, घरोघरी हे असतं. नाव फ्रेंचांकडून आलं, पण फ्रेंच कॉम्पोत दाट, चमच्याने खायचं. इकडे ते पातळ होऊन पेल्यात आलं. उन्हाळ्यात जे फळ हाताशी असेल त्याचं करतात: जूनमध्ये स्ट्रॉबेरी आणि रबार्बार, जुलैत विश्न्या नावाच्या आंबट चेरी, पुढे सफरचंदं, प्लम. रबार्बार हे खरं तर फळ नव्हेच. अळूसारखे जाड, लालसर देठ असतात आणि चव आपल्या चुक्याची. दोघं एकाच कुळातले आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. जिभेला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं.

विगिल्याला ताजी फळं चालत नाहीत. त्या दिवशी सुश, म्हणजे सुकवलेली फळंच लागतात.

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात आल्यावर पहिल्याच डिसेंबरात आजींनी मला जेवायला बोलावलं. त्या टेबलावर एक ताट कायम जास्तीचं मांडतात, अचानक दारात येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं. विगिल्याचे ठरलेले बाराच्या बारा पदार्थ होऊन गेल्यावर काचेच्या पेल्यात तपकिरी पाणी आलं, तळाशी दोन आलुबुखार. पेला तोंडाशी नेला तर धुराचा वास. मला वाटलं, पातेलं खाली लागलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मी गुपचूप प्यायले. दुसऱ्या घोटाला तो वास ओळखीचा वाटायला लागला. कागलला आजोळी चुलीवर तापलेल्या दुधाला असाच वास असायचा, साय बाजूला केली की वर यायचा.

तो वास आलुबुखारांचा होता. सुस्का सेख्लोन्स्का म्हणतात त्यांना. दक्षिण पोलंडमध्ये, क्राकुफच्या पलीकडे डोंगराळ भागात काही गावं आहेत. तिथे प्लम उन्हात वाळवत नाहीत, लाकडाच्या धुरावर वाळवतात. २०१० मध्ये त्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. दिसायला काळे, सुरकुतलेले, कडक. बोटांना लागलेला वास साबणाने धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. आमच्याकडे ओद्रा नदीजवळच्या हाला तार्गोवात, म्हणजे मंडईत, डिसेंबर लागला की ते सुटे विकायला येतात. ती इमारत १९०८ ची, आत काँक्रीटच्या उंचच उंच कमानी. त्यांच्याखाली सुक्या मशरूमच्या माळा, खसखस आणि हे आलुबुखार शेजारी शेजारी मांडलेले असतात. डोळे मिटून त्या गल्लीतून चाललं तरी नाताळ आल्याचं कळतं.

हे मी शिकले ते आधी एकदा पुरतं बिघडवून. दुसऱ्या वर्षी आजींना चकित करावं म्हणून सगळं स्वतः केलं. दुकानातून मऊ, चकचकीत, बिनबियांचे आलुबुखार आणले. ते कुठलेसे लांबचे, त्यांना धूर माहीतच नाही. वर वाटीभर साखर घातली, कारण आपल्या हाताला सरबताची सवय. आणि चांगलं तासभर उकळलं. सफरचंदाच्या फोडी विरघळून गेल्या, पाणी गढूळ झालं, चव गुळाच्या पाकासारखी. आजींनी पेला पूर्ण संपवला. मग म्हणाल्या, "छान आहे. पण हे कोम्पोत नाही." आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

तिथे एक शब्द मिळाला, तो मला सगळ्या कृतीपेक्षा मोलाचा वाटतो. पातेल्याला कड यायला लागली तशी त्यांनी आच अगदी बारीक केली, माझा हात धरून मला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, ऐक. कडेला एक बुडबुडा यायचा, फुटायचा. मग जरा थांबून दुसरा. "पिर्का," त्या म्हणाल्या. "गोतुये नाही. पिर्का." गोतुये म्हणजे उकळतंय. आपल्याकडे आमटी रटरटते, भात खदखदतो, दूध उतू जातं. कोम्पोतने यांतलं काहीही करायचं नाही. त्याने पिर-पिर करत राहायचं, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. फोड अखंड राहिली पाहिजे आणि पाणी नितळ. पन्ह्यात आपण कैरीचा गर कुस्करून घेतो, तसा मोह इथे होतो. पळीने दाबायचं नाही, गाळायचं नाही.

आता माझं प्रमाण सांगते. तीन लिटर पाण्याला पाव किलो धुरावरचे आलुबुखार, दीडशे ग्रॅम सुक्या नासपती, तेवढ्याच सुक्या सफरचंदाच्या चकत्या, मूठभर जर्दाळू. सगळं धुऊन रात्रभर भिजवायचं आणि त्याच पाण्यात शिजवायचं. भिजवलेलं पाणी ओतून देणाऱ्यांवर आजी मनापासून रागावतात. चार लवंगा, दालचिनीचा एक तुकडा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी, तीही पांढरा भाग खरवडून, नाहीतर कडवटपणा येतो. लवंग वाढवू नका. आपल्या मसाल्याच्या डब्याला चारचा आकडा हास्यास्पद वाटतो, पण पाचवी पडली की धूर मागे पडतो. भिजलेलं सफरचंद बाजूला काढून शेवटच्या दहा मिनिटांत घालते, कारण ते सगळ्यांत आधी हार मानतं. साखर नाहीच. कोमट झाल्यावर दोन चमचे मध आणि अर्ध्या लिंबाचा रस. मग झाकण ठेवून रात्रभर विसरायचं. त्याच दिवशी प्यायलं तर पाणी वेगळं आणि फळ वेगळं लागतं. दुसऱ्या दिवशी ते एक होतं.

ऑफिसातली एक युक्रेनी मैत्रीण याला उझ्वार म्हणते. तिच्या घरी नासपती जास्त असतात, मध जास्त, आणि जंगली गुलाबाची फळंही पडतात. गेल्या वर्षी तिने बाटली भरून आणली. आजींनी घोट घेतला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, असं माझी आई करायची. आजींचं माहेर ल्वुफकडचं, म्हणजे आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवकडचं. महायुद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मनांचं ब्रेस्लाउ पोलंडचं व्रोत्स्वाफ झालं आणि तिकडची कितीतरी पोलिश कुटुंबं उठून इकडे आली. आजी तेव्हा तीन-चार वर्षांच्या होत्या.

मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "वलिवादे?" माझ्या अंगावर काटा आला. सोव्हिएत सत्तेने १९४० मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. आजींची थोरली मावसबहीण त्या मुलांत होती. तिने सांगितलेलं आंब्याचं वर्णन आजींना कधी खरं वाटलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात मी भारतीय दुकानातून हापूस आणला, सोबत दोन कैऱ्याही. हापूस त्यांनी कोय चोखून खाल्ला. कैऱ्यांच्या फोडी करून त्यांनी पाण्यात टाकल्या, आच बारीक केली आणि कान लावून उभ्या राहिल्या. ते पन्हं नव्हतं, पण आम्ही दोघींनी पातेलं संपवलं.

आजचं पातेलं आता बाल्कनीत आहे. बाहेर शून्याच्या आसपास, फ्रिजची गरज नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून झाकणावर वरवंटा ठेवलाय, आईने सामानातून पाठवलेला. उद्या चारच्या सुमारास, पहिली चांदणी दिसायच्या आत, दोन मजले उतरून खाली न्यायचं. आजींचे गुडघे यंदा फार दुखतायत, म्हणून बार्श्चची, म्हणजे बीटच्या सूपची, बीटंही मीच सोलून देणार आहे. नासपती मोजून दहा घातल्यात, आख्ख्या, देठासकट. त्यांतल्या दोन आजींच्या. त्या देठाला धरून पेल्यातून उचलतात, थेंब निथळू देतात आणि मगच खातात.