ओचा, शा आणि आपला चहा

जपानी आडनावाच्या बाईला जपानी चहा करायला एका मराठी बाईने शिकवावं, हा प्रकार जपानमधल्या हामामात्सुतच घडायचा. या गावात ब्राझीलहून आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत. १९०८ मध्ये 'कासातो मारू' हे जहाज कोबेहून मजूर घेऊन ब्राझीलला निघालं, त्यानंतर जपानी माणसं तिकडे जातच राहिली. १९९० मध्ये जपानचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि त्यांची नातवंडं कारखान्यांत कामाला आली. माझी मैत्रीण त्यांतलीच. आजोबा साओ पाउलोत कॉफीच्या मळ्यावर राबलेले, त्यामुळे घरात कॉफीच. हिरवा चहा म्हणजे मशीनमधून निघणारं बाटलीतलं कडू पाणी, असं तिचं ठाम मत.

मी तरी कुठे शहाणी होते? इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात सेन्चा, म्हणजे इथला रोजचा हिरवा चहा, पातेल्यात टाकला, आलं-साखर-दूध घालून चांगला खळखळ उकळला. पालक शिजवल्याचा वास सुटला. नवरा म्हणाला, "काढा केलायस का?" शेवटी शेजारच्या आजींनी शिकवलं.

तर रविवारी ती आली. पाण्याला उकळी आली, पण ते थेट चहावर नाही घालायचं, आधी कपांत ओतायचं. कप गरम होतात, पाण्याचं माप कळतं आणि पाणी ७०-८० अंशांवर उतरतं. उकळतं पाणी घातलं की पत्तीतला कडूपणा भसकन बाहेर येतो. कोमट होत आलेल्या पाण्यात गोडसर चव आधी उतरते. बाजूला मूठ असलेल्या किटलीत, म्हणजे क्यूसूत, दोघींपुरती दोन चमचे पत्ती. वर कपांतलं पाणी. मग थांबायचं, चमचा घालून ढवळायचं नाही. "हेच झाड तुमचंही ना?" तिने विचारलं. झाड तेच. आपल्याकडे पानं चुरडून हवेत काळी पडू देतात. इथे तोडल्या तोडल्या वाफवतात, म्हणून हिरवी राहतात. आमचा पुडा जवळच्याच माकिनोहाराचा. १८६९ मध्ये सत्ता गेलेल्या तोकुगावा घराण्याचे बेकार झालेले सामुराई योद्धे तिथल्या माळरानावर चहा लावायला गेले. इकडे पानं जास्त वेळ वाफवायची पद्धत, म्हणून चहा गढूळ, गर्द हिरवा. अर्ध्या मिनिटात तयार.

दोन्ही कपांत आलटून पालटून थोडा थोडा ओतला, म्हणजे एकीचा पातळ, दुसरीचा कडक असं होत नाही. मी किटली झटकून शेवटचा थेंब काढत होते, तर ती म्हणाली, "एवढी कंजुषी?" पण तो थेंबच सगळ्यात दाट असतो!

तिने घोट घेतला, भुवया वर. "हे सूप आहे." चुकीचं नव्हतं. "पण आमच्या 'शा'सारखं नाही." तिचा पोर्तुगीज शा, इथला ओचा, आपला चहा, मूळ शब्द एकच, नशीब वेगळं.

मग होजिचा काढला. भाजलेली पत्ती, उकळतं पाणी बिनधास्त घाला. ते मात्र तिला लगेच आवडलं. कॉफीच्या भाजक्या वासावर वाढलेलं नाक ते!

सेन्चाची उरलेली पत्ती इथे सोया सॉस घालून खातात. मी दाण्याचं कूट, लिंबू आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी घातली. बशी तिने एकटीने संपवली आणि जाताना कृती लिहून मागितली. चहाची नव्हे, कोशिंबिरीची.