वजनाची चौकशी

पुण्यात एखाद्याला त्याचा पगार विचारणे आता असभ्यपणाचे मानले जाते, जात उघडपणे विचारणे तर त्याहूनही. वजनाविषयी बोलायला मात्र अजून कोणाची परवानगी लागत नाही. चार-सहा महिन्यांनी भेटलेला माणूस ख्यालीखुशाली विचारायच्या आधी ‘जरा सुटलात हो’ किंवा ‘अरेरे, किती वाळलात’ असे म्हणून मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्याने ते आपुलकीचे बोलणे म्हणून हसून घ्यावे अशी त्याची अपेक्षा असते. एरवी ते हसून घ्यायला माझी हरकत नाही. पण बरीच वर्षे ऐकून घेतल्यावर माझ्या असे लक्षात आले आहे की ही आपुलकी नेहमी वरून खाली वाहते. सासू सुनेला म्हणते, मावशी भाचीला म्हणते, वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटलेल्या कॉलेजच्या मुलाला म्हणतात. परंतु साहेबांचे पोट टेबलाच्या कडेला टेकू लागले म्हणून कार्यालयातल्या कोणी ‘सर, यंदा फार सुटलात’ असे म्हटल्याचे मी पाहिलेले नाही. काळजी खरोखरच आरोग्याची असती, तर साहेबांच्या हृदयाचीही ती तितकीच वाटायला हवी होती.

मी लहानपणापासून अंगाने भरलेली आहे आणि माझी धाकटी जाऊ अगदी शिडशिडीत आहे. तुळशीबागेत बांगड्या घ्यायला आम्ही एकत्र गेलो की ती दोन-दोनचे माप मागते आणि मी दोन-दहाचे, आणि बांगडीवाला दोन्ही खोकी काढून ठेवताना एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून घेतो. एकाच घरात राहत असल्यामुळे दोन्ही प्रकारची बोलणी मला जवळून ऐकायला मिळाली आहेत, आणि बारीक माणसाला काही ऐकावे लागत नाही हा माझा लग्नाआधीचा समज त्यामुळे पुरता मोडला आहे.

कोथरूडला एका नातेवाईकांकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. यजमानीणबाईंनी माझ्या हातावर तिळाचा अर्धाच लाडू ठेवला आणि ‘तुला अर्धाच देते हो, रागावू नकोस’ असे म्हणून उरलेला अर्धा जावेच्या हातावरच्या अख्ख्या लाडवाला जोडला. मग बोलणे तिच्यावर आले. डाएट करतेस का, थायरॉइड तपासलास का, रात्री झोप लागते का, अशा पायऱ्या चढत ते ‘दोन वर्षे झाली ना गं दुसऱ्यासाठी?’ इथपर्यंत पोहोचले. तिने शांतपणे सांगितले की मला भूक लागते, मी दोन्ही वेळा पोटभर जेवते, तपासण्याही केलेल्या आहेत आणि त्यांत काही निघालेले नाही. त्यावर कोपऱ्यातल्या एक बाई हलकेच म्हणाल्या, ‘काहींच्या अंगी लागतच नाही खाल्लेलं.’ हे वाक्य आपल्याकडे पोटाविषयी कमी आणि स्वभावाविषयी जास्त असते, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होते. जाडीला आळशी ठरवायचे आणि बारकीला कुढी, मत्सरी किंवा दुःखी ठरवायचे, असा हा साधा हिशेब आहे. त्या दिवशी सर्वांत जास्त लागले ते आमच्या सासूबाईंना, कारण सून वाळलेली दिसणे म्हणजे सासरी तिला नीट खायला मिळत नाही असा त्याचा अर्थ निघतो. घरी परतताना रिक्षात त्या जावेलाच म्हणाल्या, ‘निदान बाहेर जाताना जरा सैल ब्लाउज घालत जा.’

पुरुषांची यातून सुटका आहे असे नाही. किडकिडीत मुलगा काडीपैलवान नाहीतर पाप्याचे पितर ठरतो, आणि त्याने चिडायचेही नसते. मात्र पुरुषाचे सुटलेले पोट चाळिशीनंतर बढतीबरोबर आलेल्या गोष्टींमध्ये जमा होते, बाईचे तसे कधी होत नाही. विवाहमंडळांच्या अर्जांत ‘बांधा’ असा रकाना असतो. मुलीकडचे त्यात ‘सडपातळ’ लिहिताना जितका विचार करतात, तितका मुलाकडच्यांना करावा लागलेला मी पाहिलेला नाही. वजन हा आकडा म्हणून निखळपणे उच्चारला जातो अशी शहरातली एकच जागा मला माहीत आहे, ती म्हणजे पेठांमधल्या तालमी. तिथे वजनगट ठरवायचा असतो म्हणून किलो विचारले जातात आणि उत्तर देणाऱ्याची मान खाली जात नाही.

यात खंत वाटण्यासारखी गोष्ट अशी की, दिसण्यावरून आरोग्य ओळखण्याचा आपला आत्मविश्वास किती पोकळ आहे हे याच शहरातल्या संशोधनाने जगाला दाखवलेले आहे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या काही गावांतील स्त्रियांचा, त्यांच्या गर्भारपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे वजनकाट्यावर किरकोळ भरणारे बाळ आतून चरबी राखून जन्माला आले होते. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, ज्याला सगळे बीएमआय म्हणतात, नेमका २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. छायाचित्राकडे पाहून कोणी कोणालाही ‘सुटलात’ म्हटले नसते.

बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. तिच्यामागचे गणित बेल्जियमच्या अॅडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणूस’ शोधण्याच्या नादात मांडले. एकेकट्या माणसाची प्रकृती तपासणे हा त्यांचा हेतू नव्हता, आणि आजचे नाव तर तिला १९७२ मध्ये मिळाले. जागतिक पातळीवर २५ पासून पुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीय डॉक्टरांनी आपल्या शरीरांची ही ठेवण पाहून त्या रेषा २३ आणि २५ वर आणल्या आणि त्याबरोबर कमरेचे मापही घ्यायला सांगितले, पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८०.

हे मी इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण आमच्या घरात त्याची किंमत मोजून झाली आहे. माझे सासरे आयुष्यभर सडसडीत होते. रोज पहाटे पर्वती चढून येत, आणि सोसायटीतले लोक त्यांच्याकडे बोट दाखवून आपापल्या मुलांना त्यांचा आदर्श घ्यायला सांगत. रक्तातील साखर तपासून घ्या असे त्यांना कोणी कधी म्हटले नाही, त्यांनाही तशी गरज वाटली नाही, आणि मधुमेह लक्षात आला तो डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्यानंतर. याच काळात मला मात्र कान दुखतो म्हणून गेल्यावरसुद्धा डॉक्टरांनी आधी वजन कमी करायला सांगितले होते. वजनाने काहीच बिघडत नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. गुडघे माझे आहेत आणि जिना चढताना त्यांचे म्हणणे मला ऐकू येते. पण माझ्या वाट्याला गरजेपेक्षा जास्त तपासण्या आल्या आणि सासऱ्यांच्या वाट्याला एकही आली नाही, याचे कारण आमच्या दिसण्यापलीकडे दुसरे काही नव्हते.

बारीक असण्याचे कौतुक आणि कीव यांची वाटणीही माणूस पाहून होते. आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी दिवसभरात कितीदा तरी तीन मजले चढतात-उतरतात, आणि गच्चीवर योगासनांना जमणाऱ्या बायका त्यांच्याकडे पाहून ‘बघा कशी काटक आहे, हिला जिम लागत नाही’ असे म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या आणि १८.७ टक्के स्त्रियांचे वजन कमी आढळले. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. मावशींना मध्यंतरी चक्कर येऊ लागली तेव्हा त्यांचे हिमोग्लोबिन आठाच्या खाली निघाले. ज्या शरीराला गच्चीवरच्या बायका काटक म्हणत होत्या, ते पुरेसे न जेवलेले शरीर होते, आणि माझ्या जावेला दुसरा लाडू देऊ पाहणाऱ्यांपैकी कोणाला त्यांच्या हातावर एखादा लाडू ठेवावा असे सुचले नव्हते.

वजन उतरवण्याविषयीचे बोलणे गेल्या काही वर्षांत फार वाढले आहे. २०१८ च्या सुमारास पुण्यातल्या लग्नांच्या पंगतीत ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असा प्रश्न गोत्र विचारावे तसा विचारला जात असे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटोपत, तर ऋजुता दिवेकरांचे वाचक थोड्या थोड्या अंतराने खात आणि भातावर निःशंक तूप घेत. त्या वादाची मी थट्टा करत असले तरी त्याने एक चांगले केले: पुरुष प्रथमच आपल्या पोटाविषयी आपण होऊन बोलू लागले. मग २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शने, मार्चमध्ये मौन्जारो आणि जूनमध्ये वेगोव्ही, आपल्याकडे अधिकृतपणे आली आणि बोलण्याचा सूर पुन्हा पालटला. ओळखीच्या एका गृहस्थांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घेतली, वजन उतरले, रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. टेकडीवरच्या त्यांच्या मित्रमंडळाने मात्र ‘त्यात काय, इंजेक्शन टोचून घेतलं’ असे म्हणून नाक मुरडले. औषधाच्या दुष्परिणामांची किंवा किमतीची चौकशी केली असती तर मी समजू शकले असते. त्यांचा आक्षेप वेगळाच होता: वजन कमी करायचे तर ते घाम गाळून, जीभ मारून, दहा जणांना दिसेल असे कमी करायला हवे होते. इतकी वर्षे ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतो’ म्हणणाऱ्यांना भले झालेले चालले नाही.

मुलांपर्यंत हे सगळे कसे पोहोचते ते शाळेत दिसते. माझी मुलगी आणि जावेचा मुलगा एकाच शाळेत आहेत. तिथे आरोग्य तपासणीच्या दिवशी वर्गातच वजनकाटा ठेवत, एक बाई आकडा मोठ्याने वाचत आणि दुसऱ्या लिहून घेत. आकडे वर्ग विसरून जाई, पण त्यावरून पडलेली नावे टिकत. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला ‘क्विंटल’ म्हणतात आणि माझ्या पुतण्याला ‘अगरबत्ती’. पालकसभेनंतर आम्ही दोघी मुख्याध्यापिकांना भेटलो आणि ही नोंद आडोशाला घ्यावी अशी विनंती केली. त्यांनी आमचे ऐकून घेतले, पण त्यांना एक शंका होती: ‘असं लपवून ठेवलं तर आपलं वजन वाढलंय की घटलंय हे मुलांना कळणार कसं?’ त्यावर जाऊ म्हणाली, ‘मॅडम, ते कळवायला माणसं असतात. आम्हा दोघींना रोज कळवतात.’ मुख्याध्यापिका हसल्या आणि यंदापासून खेळाचे साहित्य ठेवतात त्या खोलीत एकेका मुलाला बोलावून वजन घ्यायचे त्यांनी मान्य केले, आणि तसे घेतलेही. प्रगतिपुस्तकावरचा उंची-वजनाचा रकाना मात्र छापील नमुन्यातला असल्यामुळे जागच्या जागी आहे, आणि निकालाच्या दिवशी मुले गुणांच्या आधी तोच एकमेकांचा पाहतात.