पामरसाहेबांचं कर्जखातं

नाना फडणवीस गेले तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटाने, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या वकिलाने, लिहिलं की मराठी राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबरच गेलं. हे वाक्य सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. ते लिहिणारा कर्नल पामर. त्याचा मुलगा विल्यम मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेली, त्यामुळे मला बापापेक्षा लेकातच रस जास्त!

आई फैजबक्ष हिंदुस्थानी, म्हणून कंपनीच्या फौजेत अधिकारी व्हायची वाट बंद. विल्यम निजामाच्या फौजेत अधिकारी झाला. पुढे हैदराबादेत पेढी काढली, तीही रेसिडेन्सीच्या आवारात. गोदावरीकाठचं सागवान वगैरे होतंच, पण खरी कमाई सावकारीची.

गोऱ्यांनी संस्थानिकांना कर्ज द्यायला १७९७च्या कायद्याने बंदी होती. गव्हर्नर जनरलची परवानगी असेल तरच. ती १८१६ मध्ये तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने दिली. पेढीतला भागीदार रंबोल्ड, आणि त्याची बायको हेस्टिंग्जची मानलेली लेक. आमच्या ऑडिटरने एवढ्यावरच फाईल तोंडावर फेकली असती.

पद्धत बघा. निजामाच्या फौजेचा पगार पेढी आगाऊ भागवणार आणि त्यापोटी वऱ्हाड-औरंगाबादकडचा वसूल परस्पर लावून घेणार. निजामाचा दिवाण चंदुलाल सह्या करायला तयारच. म्हणजे कर्जदाराला नोटांचा वासही नाही, हप्ता मात्र वऱ्हाडातल्या कुणब्याच्या खळ्यावरून. १८२० मध्ये ६० लाखांचं मोठं कर्ज झालं. हैदराबादचा नवा रेसिडेंट मेटकाफ खोलात शिरला, तेव्हा त्यातले ८ लाख पेढीचा ‘बोनस’ निघाले! प्रोसेसिंग फी म्हणतात ती हीच.

मग कंपनीने निजामाला पैसे देऊन पेढीचा हिशेब मिटवला. बदल्यात उत्तर सरकारांसाठी, म्हणजे आंध्र किनाऱ्याकडच्या मुलखासाठी, कंपनीकडून निजामाला दरसाल मिळणारी ७ लाखांची पेशकश (खंडणी) कायमची बंद. १८२४ मध्ये पेढी बुडाली. पामर हैदराबादेतच राहिला, १८६७ मध्ये वारला.

त्याचा जावई मेडोज टेलर. तोही मुंबईत व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला आणि निजामाच्या फौजेत शिरला. १८५३ मध्ये फौजेच्या पगाराच्या थकबाकीपायी निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हवाली करावे लागले. धाराशिवकडचा कारभार बघायला नळदुर्गला कोण आलं? हेच जावईबापू. सासरेबुवा तेव्हा हयात होते.