'आलेच' म्हटलं की पोटात गोळा यायचा

नवऱ्याची कुपवाड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट असते. निघताना तो "आलोच गं" म्हणायचा आणि इकडे माझ्या पोटात गोळा. शिफ्ट सुटून वीस मिनिटं झाली की फोन, मग परत फोन, एकदा तर एकतीस मिस्ड कॉल पडले होते त्याच्या मोबाईलवर, आणि तो दारात आला की जीव भांड्यात पडायच्या ऐवजी मी त्याच्यावरच तुटून पडायचे, तू येऊच नको परत म्हणायचे, आणि तो खरंच चप्पल घालायला लागला की शर्ट धरून रडायचे. सासरी सगळे म्हणायचे लाडावलेली आहे. लाडावलेली! असो.

आधी एका डॉक्टरांनी बायपोलर, म्हणजे मूड खूप चढण्या-उतरण्याचा आजार, सांगून वर्षभर गोळ्या दिल्या. मग मिरजेतल्या थेरपी करणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं की मूड टिकतो किती वेळ? मी म्हटलं, दुपारी जगायचंच नाही असं वाटतं, संध्याकाळी हा नीट बोलला की सगळं छान. त्या म्हणाल्या बायपोलरमध्ये एक मूड बहुतेक वेळा कितीतरी दिवस चालतो, तुझा तासातासाला आणि माणसावरून बदलतोय. नऊ लक्षणांपैकी पाच असली तरी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (बीपीडी, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणं फार अवघड जातं असा आजार) म्हणतात, माझी सात निघाली. यावर खास अशी गोळी नाही, खरं काम थेरपीचं, हेही तेव्हाच कळलं.

पहिले सहा महिने नुसतं भावनांची लाट आली की काय करायचं तेच शिकले, थंड पाण्यानं तोंड धुणं, श्वास लांबवणं वगैरे. एका रात्री तेही जमेना तेव्हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन केला होता, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

मग स्कीमा थेरपी. जेफ्री यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं काढलेली. लहानपणी जे मिळायला हवं ते मिळालं नाही की मनात जगाबद्दल काही समजुती पक्क्या होऊन बसतात, त्याला स्कीमा म्हणतात, असे १८ आहेत. ९० वाक्यांचा फॉर्म, प्रत्येकाला १ ते ६ मार्क. फॉर्म इंग्रजीत होता, मॅडम एकेक वाक्य मराठीत सांगत गेल्या. सोडून जाण्याच्या भीतीच्या वाक्यांना मी सहा सहा देत सुटले, 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' वाल्यांनाही तेच.

मग एक दिवस डोळे मिटून सगळ्यात जुनी आठवण काढायला सांगितली. सांगली स्टँड. मी सहा वर्षांची. वडील मारायचे म्हणून आई माहेरी निघालेली, मला आत्याजवळ उभं केलं आणि म्हणाली, "चॉकलेट घेऊन आलेच." सात महिन्यांनी आली. तोवर मी मनाशी ठरवून टाकलेलं की मी हट्ट केला म्हणून गेली, आणि रोज रात्री वडील तेच ऐकवायचे. माझ्या डोक्यात मला शिव्या घालणारा जो आवाज आहे ना, तो माझा नव्हताच, त्यांचा होता, अगदी त्यांच्याच शब्दांत. मॅडम म्हणाल्या, आता मोठी तू त्या स्टँडवर जा. मी गेले, म्हणजे डोळे मिटूनच, पोरीला कडेवर घेतलं आणि तिला सांगितलं की तुझी चूक नाही. बाहेर आल्यावर कृष्णेच्या घाटावर तासभर बसून राहिले, घरी जायची ताकदच नव्हती.

एका सेशननं काही होत नाही, तीच आठवण मी पंधरा वेळा तरी केली असेल. अडीच वर्षं झाली, चालूच आहे. आणि मॅडम हेही म्हणाल्या की बीपीडी असलेल्या प्रत्येकाच्या मागे असं लहानपण असतंच असं नाही, काहींचा स्वभावच जन्मतः जास्त हळवा असतो. माझ्याकडे दोन्ही होतं.

नवरा आता "आलोच" म्हणत नाही, वेळ सांगतो.

परवा आई आली होती राहायला. भाजी आणायला निघाली आणि सवयीनं म्हणाली, "आलेच." मी विचारलं, किती वाजता? ती दारात थांबली, माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, सहाला. सहा वीसला आली. त्या वीस मिनिटांत मी तीनदा गॅलरीत जाऊन आले आणि अर्धा पुडा भडंग संपवला. फोन नाही केला.