तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे क्लब का बदलले?

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एका मुलाच्या वडिलांनी मला तेच विचारलं, जे लग्नात, बारशात, पेठेतल्या चहाच्या गाडीवर मला कित्येक वर्षं विचारलं जातंय. "राग मानू नका, पण तेरा वर्षांत नऊ फुटबॉल क्लब? एका जागी टिकला का नाही?" खाली मॅच रंगात आली होती, गॅलरीत हलगी कडाडत होती, बोलणं अर्धंच राहिलं. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि मधे, म्हणजे मिडफिल्डला, खेळतो, मी खेळायचो त्याच जागेवर. म्हणून नीट सांगतो.

नऊपैकी दोन क्लब मी आपणहून सोडले. एकदा पगार थकला म्हणून, एकदा वडील आजारी पडले म्हणून. बाकी सात ठिकाणी करार संपला आणि पुढचा कागद कुणी समोर ठेवला नाही. आमच्यासारख्यांचे करार बहुतेक एका हंगामाचे असतात. शेवटची मॅच झाली की खोलीची किल्ली द्यायची, किट मोजून परत करायचं आणि गाडी पकडायची. मे महिन्यात घरी आंबे असायचे, पाव्हणे असायचे, आणि माझं लक्ष फोनवर. एजंट म्हणायचा, "बोलणं चालू आहे." जूनचा पाऊस लागला तरी मी पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायचो, कारण फोन आलाच तर चार दिवसांत ट्रायलला उभं राहायचं असतं, आणि तिथं दम लागलेला कुणाला आवडत नाही.

टिकण्याबद्दल विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नोकरी असते. त्यांचं चुकत नाही, कारण एकेकाळी फुटबॉल म्हणजे नोकरीच होती. मुंबईत टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, बँका, सगळ्यांचे आपापले संघ होते. मुलगा चांगला खेळला की कंपनीत चिकटायचा. सकाळी सही, दुपारनंतर कूपरेजचं मैदान. गुडघा गेला तरी टेबल-खुर्ची जात नसे. आमच्या सरांच्या बरोबरीचे कितीतरी जण असे बँकेतून रीतसर निवृत्त झाले. मी 2007 मध्ये एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, तेव्हा ती वाट बंद होत आली होती. त्याच वर्षी आय-लीग ही देशपातळीवरची व्यावसायिक लीग सुरू झाली. पुढं क्लबच्या परवान्याचे नियम आले, आणि ऑफिसच्या संघांना त्यात बसणं जमेना. 2013 मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी लीगबाहेर गेले.

आणि जे खरे व्यावसायिक क्लब होते, ते तरी कुठं टिकले? 2010 ला मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला, 2011 ला फगवाड्याचा जेसीटी. दोघांनीही राष्ट्रीय लीग जिंकलेली होती. 2015 ला पुणे एफसी गेला. 2016 ला गोव्याच्या साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. 2019 ला एफसी पुणे सिटी. यातल्या एकाही क्लबात मी नव्हतो, तरी प्रत्येक वेळी मला झळ लागली. एक क्लब बंद पडला की पंचवीस-तीस तयार खेळाडू एका दिवसात रिकामे होतात. त्यांतले चार-पाच मिडफिल्डर असतात, त्यांची नावं माझ्यापेक्षा मोठी असतात, आणि मग ज्या क्लबाशी माझं "बोलणं चालू" असतं, तो फोन उचलेनासा होतो.

शिवाय जागा मधली. 2014 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, पायात पूर्ण ताकद होती. पण तेव्हा अकरा जणांत सहा परदेशी खेळवायची मुभा होती. पैसा ओतणारा माणूस परदेशी खेळाडू घेतो तो संघाच्या कण्यासाठी: स्टॉपर (बचावातला मधला), मिडफिल्डर, पुढचा. स्पेन-ब्राझीलची माणसं मधे आली आणि आपली पोरं कडेला सरकली. मी दोन हंगाम राइट बॅक, म्हणजे बचावात उजव्या कडेला, खेळलो, ते याच हिशेबानं. सहाचे पाच 2017 ला झाले, पाचाचे चार 2021 ला. तोवर माझे बूट खुंटीला लागले होते. त्या परदेशी खेळाडूंवर माझा राग नाही, त्यांच्याकडून मी खूप उचललं. पण ज्या वयात मधे चुका करून शिकायचं, त्या वयात आमच्या एका पिढीला मधे उभंच राहू दिलं नाही, हे मला आजही डाचतं.

त्या वडिलांच्या प्रश्नात एक खरी गोष्टही आहे. माझा डावा पाय कच्चा होता. चांगला प्रतिस्पर्धी दहा मिनिटांत हे ओळखायचा आणि मला डावीकडंच वळायला भाग पाडायचा. क्लायमॅक्स लॉरेन्ससारखा मिडफिल्डर धेंपोत वर्षानुवर्षं राहिला, देशाचा कर्णधार झाला. त्या तोडीचा मी नव्हतो. असतो, तर करारही लांबचे मिळाले असते.

मग मला बोलावत कोण होतं? जानेवारीत ज्यांच्या मधल्या खेळाडूचा गुडघा गेला, ते. लीगमध्ये खाली घसरलेले. नवा कोच आलाय आणि त्याला निमूट धावणारा माणूस हवाय, असे. भोक पडलंय तिथं ठिगळ लावायचं, तेही पंधरा दिवसांत. हे काम मला येत होतं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

नव्या क्लबात पहिल्या सरावाला मी आधी चार नावं पाठ करायचो: दोन्ही स्टॉपर, लेफ्ट बॅक आणि माझ्या शेजारचा. लेफ्ट बॅकला बॉल पायात लागतो की पुढं मोकळ्या जागेत? स्टॉपर बॉलवर चढून येतो की मागं सरतो? चढून येणारा असेल तर त्याच्या पाठीमागची जागा माझी. एवढं कळलं की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं कानानं करायचं. मधे खेळणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही. बॉल यायच्या आधी दोनदा मान फिरवून बघायची, ही सवय आमच्या सरांनी गांधी मैदानात लावली. ते पाठीमागून बोटं दाखवायचे, आणि बॉल घेता घेता किती ते सांगावं लागायचं. तरी शेवटच्या क्षणाला, मागून कुणी अंगावर येतोय हे सांगणारी, साथीदाराची हाकच लागते. पेठेत आम्ही "मागं!" म्हणून ओरडायचो. गोव्यात "फाटल्यान!", कोलकात्यात "पेछोने!", ईशान्येत "मॅन ऑन!". तो एक शब्द कानात मुरला की मी त्या संघाचा झालो, असं मी धरून चालायचो.

कोलकात्याची लीग भर पावसाळ्यात असते. ऑगस्टमधली एक मॅच मला पावलापावलानं आठवते. मैदानात घोट्यापर्यंत पाणी, एक-एकची बरोबरी, दहा मिनिटं उरलेली. माझ्याकडं पास आला आणि डबक्यात मेला. दोघं अंगावर धावून आले. अशा मैदानात जमिनीवरून पास देण्यात अर्थ नसतो, हे गांधी मैदानातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. मी बुटाचं टोक बॉलखाली घातलं, तो गुडघाभर वर उचलला आणि पाण्याला टेकायच्या आत उजवीकडं मारला. आमच्या विंगरनं तो छातीवर घेतला, आत आला आणि गोल. माझं नाव कुठं छापून आलं नाही. नंतर क्लबच्या तंबूत, म्हणजे क्लबहाउसात, स्टू आणि टोस्ट खाताना एक म्हातारे समर्थक माझ्यासमोर येऊन बसले, काही न बोलता माझ्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यावर त्यांनी हात ठेवला आणि थोड्या वेळानं उठून गेले. त्या क्लबानं मला पुढच्या वर्षी ठेवलं नाही. तरी तो माझा क्लब आहे.

पगार थकवलेल्या क्लबचं नाव मी लिहिणार नाही. तीन महिने "सोमवारी होईल" ऐकत आम्ही सहा जण एका फ्लॅटमध्ये राहिलो, मेसवाल्यानं आधी मासे बंद केले, मग डबाच. तेव्हा मला कागद वाचता येत नव्हता. आता मुलांना सांगतो: दोन महिन्यांचा पगार थकला की लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट बघायची, तरी मिळाला नाही तर करार मोडायचा हक्क तुमचा, फिफाच्या नियमांत 2018 पासून हे लिहिलेलं आहे. कराराची सही केलेली प्रत स्वतःकडं ठेवायची. फोनवरचा शब्द धरायचा नाही.

आणि काय गमावलं म्हणाल तर पेठेच्या संघाचे हंगाम. कोल्हापूरचा हंगाम आणि माझा हंगाम एकाच वेळी असायचे. पेठेची फायनल मी कधी हॉटेलच्या खोलीत, कधी रेल्वेच्या वरच्या बर्थवर फोनवरून ऐकली. धाकटा भाऊ गॅलरीतून फोन वर धरायचा, मला फक्त हलगी आणि आरडाओरडा ऐकू यायचा, कोण जिंकतंय ते कळायचं नाही.

2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून आईबाप पोरांना घेऊन माझ्याकडं जास्त येतात. पाठवावं का, विचारतात. त्या रविवारच्या वडिलांचा मुलगा मंगळवारी पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसनं कोलकात्याला ट्रायलला निघालाय. काल संध्याकाळी तो घरी आला, बॅग उघडून दाखवली. बूट एकच जोड, तळाला आखूड स्टडचे, चिखलात घसरणारे. माझे लांब स्टडचे माळ्यावर होते, ते काढून दिले. नंबर एकानं मोठा आहे, दोन मोजे घालून बसतात. डाव्या पायानं रोज पन्नास पास भिंतीवर मार, म्हणालो. आणि पोचल्या पोचल्या लेफ्ट बॅकचं नाव विचार.